चार बोटांचा बांध

ही गोष्ट सांगायची मी तीसहून जास्त वर्षं टाळली. टाळण्याच्या माझ्या पद्धती ठरलेल्या होत्या. कोणी नेरूळच्या जुन्या दिवसांबद्दल विचारलं की मी डासांबद्दल बोलायचो, पहाटे येणाऱ्या पाण्याबद्दल बोलायचो, खाडीवरून संध्याकाळी येणाऱ्या चिखलाच्या वासाबद्दल बोलायचो. दिवाळीचा विषय निघाला की काहीतरी आठवल्यासारखं करून आत जायचो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने स्मरणिका काढायचं ठरवलं. सेक्रेटरींचा फोन आला, तुमच्या त्या पहिल्या नंबरच्या किल्ल्यावर दोन पानं द्या. मी नऊ पानं दिली. त्यांनी ती वाचून परत पाठवली. म्हणाले, "दिलीपराव, कर्नलसाहेबांचे नातेवाईक अजून इथे वाशीतच राहतात. आणि खरं सांगू का, आता कोणाला काय पडलंय?" मला पडलंय. तिथे जागा नसेल तर इथे आहे. ज्यांना आवडणार नाही त्यांनी पानं उलटावीत, मी एक ओळ कमी करणार नाही.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. माझी बायको म्हणते, पोरवय होतं, सोडा आता. पोरवय नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा होतो, तुर्भ्याला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून हजेरीवर होतो, मला मिशी होती आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मोठं व्हायचं राहिलं होतं हे खरं, पण तो दोष वयाचा नाही.

आमचं घर तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. परळच्या चाळीतून आल्यावर आईला ते एवढं मोठं वाटलं होतं की पहिले काही महिने ती सामान भिंतीलगतच ठेवायची, मधली जमीन मोकळी दिसावी म्हणून. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून. ते दर रविवारी खिडकीत बसून रेडिओ ऐकत नखं कापायचे आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर किती ट्रक रेती पडली ते आईला सांगायचे. दुपारी खाणीत सुरुंग उडायचे. आधी भोंगा, मग थोडी शांतता, मग धडाड. मांडणीतली भांडी किणकिणायची आणि आई तव्यावरची भाकरी न उलटता क्षणभर थांबायची. करावे गावची एक कोळीण दिवसाआड यायची. तिच्या पाटीतल्या निवट्या, खाडीच्या चिखलातले ते मासे, जिवंत असायच्या. आई घासाघीस करायला लागली की ती म्हणायची, "अगो बाय, खाडी काय माझ्या बापाची हाय? जाळ्यान आला त्ये आनला." त्या निवट्यांचं आंबट कालवण आणि तांदळाची भाकरी यापलीकडे मला अजून काही मेजवानी वाटत नाही.

सुरुंग उडाला की आमच्या भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दोन नंबर." परत धडाड झालं की, "तीन नंबर." ते हवालदार काका, कुठली तोफ उडाली ते आवाजावरून सांगायची फौजेतली सवय. बापू जाधव, साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर होऊन वाशीला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. मूलबाळ नव्हतं. काकू वर्षातले आठ महिने गावी शेतीवर असायच्या, त्यामुळे काका संध्याकाळचे आमच्याकडेच. आई त्यांच्यासाठी भाकरी जास्त टाकायची आणि ते दर वेळी "वैनी, आज भूक न्हाई" म्हणून तीन खायचे.

ते बोलायचे एकाच गावाबद्दल. सरहद्दीवरचं, उत्तरेतलं, त्यांच्या पलटणीने जिथे लढाई दिली ते. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पलटण कळेल आणि पलटणीतल्या चांगल्या माणसांना माझ्यामुळे त्रास नको. काका त्याला नुसतं कसबा म्हणायचे. एवढंसं गाव, पण त्याने किती फौजा पाहिल्या ते काका बोटांवर मोजून सांगायचे. आधी कुणा सरदाराची मातीची गढी. मग गोऱ्यांचे घोड्यांचे तबेले आणि पलीकडे जाणारी रेल्वे. फाळणी झाली तेव्हा रूळ गावाबाहेर मैलावर तोडले आणि टोकाला लाकडी ओंडका टाकला. पहिल्या लढाईत गाव एका दुपारी गेलं आणि आठवड्याने परत आलं. लोक म्हशी घेऊन निघून जायचे, परत यायचे आणि भिंतींना पडलेली भोकं मिळेल त्या विटांनी बुजवायचे. काका म्हणायचे, "भिंतीकडं बघून सांगावं, हे भोक कुठल्या लढाईतलं. विटेचा रंगच बदलतो ना." दुसऱ्या लढाईत, म्हणजे काकांच्या, गाव पुन्हा तीन दिवस गेलं. शाळेच्या पुस्तकात त्या गावाला एक ओळही नाही. मी इतिहास शिकलो तो या माणसाकडून, भाकरीच्या ताटावर, मिठाचं ढेकूळ म्हणजे गढी आणि मिरचीचा देठ म्हणजे रेल्वे.

त्या तीन दिवसांत शंकर मोरे गेला. शंकर मोरे मशीनगनवर होता, गावाबाहेरच्या कापसाच्या जिनाजवळ, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याजवळ, आणि काका त्याच्या जोडीला. गोळ्यांचे पट्टे संपत आले तेव्हा शंकरने काकांना मागे धाडलं. काका जिनापासून बांधाच्या आडोशाने वाकून पळत गेले, बांध संपतो तिथे विहिरीपाशी उघड्यावर आले आणि तिथेच मांडीत गोळी लागून पडले. पुढचे पाच महिने दवाखाना. जिनावर तोफेचा गोळा पडला, शंकर सापडलाच नाही. काका बरे होऊन आले तोवर कागद वर गेला होता. कागदात लिहिलं होतं की नाईक मोरे हल्ल्यापूर्वी मोर्चा सोडून पळाला. लिहिणारे मेजरसाहेब त्या वेळी रस्त्यावरच्या मोरीपाशी होते. त्यांनी एक माणूस पळताना पाहिला होता.

"पळताना दिसला त्यो मी," काका म्हणायचे. "साहेबांनी मला बघितलं इहिरीपाशी. आन् लिहिलं काय, तर शंकर गनवरनं उठला आन् पळाला, डोळ्यांनी बघितला. मोरीवरनं गन दिसतच न्हाई. मधी बांध हाय. माणसाच्या दीडपट उंच. बांधापलीकडं काय चाललंय ते देवाला दिसंल, मोरीवरच्या माणसाला न्हाई."

शंकरच्या गावी चावडीसमोर एक शिळा आहे, लढाईत पडलेल्यांच्या नावांची. तिच्यावर शंकरचं नाव नाही. गावातल्या बायका त्याच्या बायकोला पाणवठ्यावर ऐकवायच्या, म्हणून ती मुंबईकडे आली. सरूताई. तुर्भ्याला मसाला मार्केटात मिरच्यांचे देठ खुडायचं काम करायची. काकांकडे महिन्या-दोन महिन्यांनी यायची तेव्हा हात पदरात गुंडाळून बसायची आणि आईने दिलेला चहाचा कप पदरानेच धरायची. कोणाचं मूल जवळ आलं तर मागे सरकायची, हाताची आग त्याच्या डोळ्याला लागू नये म्हणून. तिला बाकी काही नको होतं. शिळेवर नाव हवं होतं.

काकांनी साहेबांना पत्रं लिहिली होती. साहेब पुढे कर्नल होऊन निवृत्त झाले. एका पत्राला त्यांचं उत्तर आलं, ते मी वाचलं आहे. चांगल्या अक्षरात लिहिलं होतं, मी जे पाहिलं ते लिहिलं, चूक असेल तर मला जागेवर दाखव. काका ते पत्र घडी करून खिशात ठेवायचे. मग एक दिवस त्यांना कळलं की साहेबांनी वाशीला घर घेतलंय. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत दिवाळीच्या किल्ल्यांची स्पर्धा ठरत होती, चार इमारतींचे चार किल्ले, आणि बक्षिसाला पाहुणा कोण बोलवावा यावर वाद चालला होता. काका उठून म्हणाले, "कर्नलसाहेबांना बोलवा. मी आणतो." सगळ्यांना आनंद झाला. रात्री जेवताना ते मला म्हणाले, "दिलीप, साहेबांना जाग्यावर न्हेता येत न्हाई. मग जागा हितं आणू. पलटणीत लढाईआधी रेतीत नकाशा मांडत्यात, तसा. लोकांना किल्ला वाटंल, वाटू दे. तू मापं बघ."

मी मापं बघितली. तीन रविवार आम्ही बसलो. काका डोळे मिटून पावलं सांगायचे, मोरीपासून बांध किती, बांधापासून जिन किती, आणि मी ते आलेखाच्या कागदावर उतरवायचो. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चोख ड्रॉइंग ते. पाण्याची टाकी जमिनीतून छातीएवढी वर आलेली होती, तिच्या स्लॅबवर मांडायचं ठरलं. मातीसाठी मी खाडीकडची माती आणली तर शिरवणे गावचे एक म्हातारे बाबा सायकल थांबवून म्हणाले, "ही खारी माती हाय रं पोरा. ह्याच्यान अलीव नाय उगवनार. आमच्या शेतानची ने." त्यांच्या शेतातून चार गोणी आणल्या. रेल्वेसाठी काड्या, पाण्यासाठी निळी रांगोळी, सैनिक म्हणून काडेपेटीच्या अख्ख्या काड्या. बांध काकांनी स्वतः घातला, हाताची चार बोटं उभी धरून पुन्हा पुन्हा मोजत. त्यावर अळीव पेरलं. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्यात यायला लागला होता, पण बोटांना सगळं ठाऊक होतं. जिन मात्र माझा. पुठ्ठ्याचा, खिडक्या कापलेला, आत अण्णांच्या बॅटरीचा लाल बल्ब आणि धुराड्यात उदबत्ती, म्हणजे धूर येणार. मला त्याचा भारी अभिमान.

पाडव्याच्या दिवशी चार वाजता बक्षीस होतं. दुपारी काका सरूताईला आणायला तुर्भ्याला गेले आणि तिथून पुढे साहेबांना आणायला. मी एकटाच टाकीपाशी होतो. वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकू चकल्यांचं ताट आईकडे द्यायला आल्या, थांबल्या, टाचा उंच करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे रे, पण मागचं काहीच दिसत नाही. तो तुझा लाईटचा बंगला कुठाय? 'बी' वाल्यांचा प्रतापगड बघ, खालपासून वरपर्यंत सगळा समोर." त्या गेल्या.

किल्ला दाखवायला असतो. दिवाळीत माती हातात घेतलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं, पुढे बुटकं आणि मागे उंच, काही लपता कामा नये. बघे मोरीच्या बाजूला उभे राहणार होते आणि बांध त्यांच्या आणि माझ्या जिनाच्या मध्ये येत होता. सावंतकाकूंना जे दिसलं नाही तेच तर काकांना सिद्ध करायचं होतं, आणि हे मला माहीत होतं. विसरलो होतो असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, अडीच बोटांनी काय होतंय. मी गवंड्याची थापी घेतली, अळिवाचा वरचा थर झाकणासारखा अलगद उचलला, खालची माती खरवडून काढली आणि हिरवं झाकण परत बसवलं. दीड बोट उरला. वरून पाहिलं तर हिरवी पट्टी होती तिथेच होती. पुढे जाऊन उभा राहिलो. जिन दिसत होता. लाल खिडक्या, धूर, सगळं.

चारला टाकीभोवती सगळी सोसायटी जमली. कर्नलसाहेब पांढऱ्या सदऱ्यात, ताठ. काका बँकेचा नाही तर जुना फौजी पट्टा लावून आले होते. सरूताई मागे, आईच्या शेजारी, हात पदरात. काकांनी छडी घेतली आणि पलटणीच्या थाटात सुरुवात केली. ही उत्तर. ही गढी. ही मोरी, इथे साहेब. हा बांध. हा जिन, इथे गन. लोक जवळ सरकले, कारण किल्ल्याची माहिती अशी कोणी सांगत नाही. साहेबांच्या तर पहिल्या वाक्यातच लक्षात आलं. ते रागावले नाहीत, हे मला लिहिलं पाहिजे. बांधाकडे बघून म्हणाले, "जाधव, बरोबर मांडलंय. दाखव मग."

काकांनी खिशातून पांढरा दोरा काढला. एक टोक मोरीवरच्या काडीला, साहेबांच्या काडीला, बांधलं. दुसरं टोक घेऊन ते चाचपत पलीकडे गेले आणि गनच्या काडीला टेकवून ताणलं. दोरा बांधाला अडून वाकायला हवा होता. तो अळिवाच्या शेंड्यांवरून सरळ गेला.

साहेब वाकले, मोरीपाशी हनुवटी टेकवून त्यांनी दोऱ्याच्या रेषेत पाहिलं. मग उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. "नकाशा तू काढलास?"

"हो सर."

"बांधसुद्धा मापात आहे?"

सगळे बघत होते. अण्णा बघत होते. माझ्या हातात अजून थापीची माती होती.

"हो सर," मी म्हणालो. "सगळं मापात आहे."

साहेब काकांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "जाधव, दोरा सरळ गेला." काकांनी हात पुढे केला होता, बांध चाचपायला, पण तेवढ्यात सरूताई मागून म्हणाली, "भावजी, म्हंजे दिसत हुतं का वो?" आणि तो हात तिथेच थांबला आणि खाली आला.

आम्हाला पहिला नंबर मिळाला. तोच तो किल्ला, ज्याचा फोटो अजून सोसायटीच्या ग्रुपवर दर दिवाळीला फिरतो आणि लोक खाली हात जोडतात. संध्याकाळच्या आत मी पाण्याचा पाइप घेऊन सगळा किल्ला धुऊन टाकला. आई म्हणाली, अरे, भाऊबीजेपर्यंत तरी राहू दे. मी म्हटलं, डास होतात.

काकांनी माझ्यावर कधी संशय घेतला नाही. घेतला असता तर मी वाचलो असतो. त्यांनी संशय स्वतःवर घेतला. काही दिवसांनी सुरुंग उडाला तेव्हा पलीकडून नंबर आला नाही. नंतरही कधी आला नाही. जेवताना अण्णांनी कसब्याचं काहीतरी विचारलं तर म्हणाले, "न्हाई आठवत आता नीट. डोक्याचा भरवसा न्हाई." सरूताई परत आमच्याकडे आली नाही. मी एकदा तिला शोधत मार्केटात गेलो होतो. गाळ्याच्या दारात मिरचीचा खकाणा नाकात गेला, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं आणि मी तेच कारण धरून परत फिरलो. अलीकडेच ती वारल्याचं कळलं. शिळा अजून तशीच आहे.

आता सेक्रेटरींसाठी, साहेबांच्या नातेवाइकांसाठी आणि जो कोणी वाचेल त्याच्यासाठी सरळ लिहितो. बांध माणसाच्या दीडपट उंच होता. मोरीवरून गन दिसत नव्हती. साहेब खोटं बोलले नाहीत, त्यांनी विहिरीपाशी पळणारा माणूस पाहिला आणि उरलेलं मनाने भरलं. पळणारा माणूस बापू जाधव होता, गोळ्या आणायला निघालेला. शंकर मोरे गनवर होता आणि गनवरच मेला. खोटं मी बोललो, पाच शब्दांत, पूर्ण शुद्धीत. ज्यांना वाटतं जुनं उकरू नये त्यांनी त्या चावडीसमोर उभं राहून ते म्हणून दाखवावं. मी ज्या ज्या कचेरीचा पत्ता मिळाला तिथे हे सहीनिशी लिहून पाठवलंय. उत्तर येवो न येवो, दर वर्षी पाठवीन.

एकच राहिलं. काका नोकरी सोडून गावी गेले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ठरवून, फक्त हे सांगायला. एस.टी.त सगळा रस्ता वाक्यं जुळवत होतो. काका ओसरीवर बाजेवर बसले होते, दोन्ही डोळे गेलेले. आवाजावरून मला ओळखलं आणि हात धरून शेजारी बसवलं. काकूंनी चहा आणि गुळाची पोळी आणली. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "दिलीप, तुझं लई उपकार हायेत बग. तू मापात केलंस म्हणून कळलं. न्हाईतर मी मरंस्तवर त्या बाईला खोटं सांगत ऱ्हायलो असतो."

मी चहा प्यायलो. पाऊसपाणी विचारलं. त्यांनी अण्णांची चौकशी केली. पाचची एस.टी. होती. त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "येतो काका, तब्येतीला जपा." त्या पावसाळ्यातच ते गेले. म्हणायचं होतं ते एवढंच होतं, आणि एस.टी.च्या खिडकीशी बसल्यावर ते मला अगदी न अडखळता म्हणता आलं: काका, तुमचा बांध बरोबर होता. तो मी कापला. मला माफ करा, आणि शंकर पळाला नाही हे सरूताईंना तुम्हीच सांगा, तुमचं त्या ऐकतील.